चालीला वही नव्हती

अभंग दोन गोष्टींवर उभा राहतो, शब्दावर आणि चालीवर. शब्दाची काळजी आपल्या परंपरेने फार पूर्वीपासून घेतली. तुकोबारायांच्या वह्यांच्या नकला झाल्या, घराघरांत त्यांची पूजा झाली आणि १८६९ साली मुंबई सरकारने दिलेल्या २४ हजार रुपयांच्या साहाय्याने 'इंदुप्रकाश'मधून गाथेचा पहिला भाग छापून निघाला. चालीला मात्र वही नव्हती. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. काकडा म्हणणारा म्हातारा थकला की शेजारी बसलेला त्याचा नातू तीच चाल उचलत असे. एवढीच तिची जपणूक.

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना हे वेगळे सांगायला नको. दोघांच्या मधून वाहणारी भीमा पुढे पंढरीला चंद्रभागा होते. तुकोबारायांची पालखी लोणी काळभोर सोडून दौंड तालुक्यात यवत आणि वरवंडला मुक्काम करते. शिरूरने तर संप्रदायाला निळोबाराय दिले. ते पुढे पारनेरजवळ पिंपळनेरला राहिले. तुकोबारायांचा देहाने सहवास नसतानाही त्यांना अनुग्रह झाला, असे परंपरा मानते. वाणी देहापलीकडे पोहोचते, ही आपली जुनीच श्रद्धा. यंत्राने आवाज साठवण्याचा इतिहास वाचताना ती मनाशी असावी.

आपल्या देशात पहिले ध्वनिमुद्रण १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झाले. ग्रामोफोन कंपनीने पाठवलेल्या फ्रेड गायसबर्ग यांनी ते केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गायचे, त्या आवाजाने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. गाणे संपताच गायक स्वतःचे नाव पुकारत असे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना गाणारा कोण हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. आपल्या संतांनी शेवटच्या चरणात नाममुद्रा घातली, ती कित्येक शतके आधी. हेतू निराळे असतील, पण वाणी धन्यापासून तुटू नये ही काळजी दोन्हीकडे दिसते.

तीन मिनिटांत अभंगाचे काय होणार? भजनात धृपद पुन्हा पुन्हा येते. टाळकरी ते उचलतात, लय चढत जाते, आणि चौथ्या-पाचव्या आवृत्तीला मन कुठे लागू लागते. तबकडीला एवढी सवड नव्हती. तिने धृपद दोनदा घेतले, चरण भराभर उरकले आणि एकट्या गायकाला पुढे उभे केले. १९२५च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला, बारीक आवाजही टिपला जाऊ लागला, पण वेळ तेवढाच राहिला. समुदायाचे भजन अशा रीतीने एका माणसाचे गाणे झाले.

१९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' आला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम लोकांनी देवासारखा मानला. केशवराव भोळे यांचे संगीत गावोगाव गेले. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग नव्याने लिहिला होता. तो इतका साधला की अनेक भाविक आजही तो तुकोबारायांचाच समजून म्हणतात. यात आठवल्यांचा काही दोष नाही, उलट त्यांच्या लेखणीचा तो गौरवच आहे. पण यंत्राचे बळ किती, हे त्यातून कळते. वही नसलेल्या चालीची गोष्ट तर दूरच, ज्यांची छापील गाथा घरात आहे त्या शब्दांच्या बाबतीतही ऐकलेले वाचलेल्यावर मात करून गेले.

पुढे १९५३ साली पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. राम फाटकांच्या चाली आणि भीमसेनजींचा स्वर घरोघर पोहोचला. मग कॅसेट आली. तिच्या एका बाजूवर अर्धा तास, पाऊण तास मावू लागला, म्हणून अख्खा हरिपाठ आणि कीर्तनही त्यात बसले. बाबामहाराज सातारकरांच्या आवाजातला हरिपाठ पहाटे किती घरांत लागत असे, हे वाचकांना ठाऊकच आहे. ज्याला देऊळ गाठता येत नव्हते, अशा अंथरुणावरच्या माणसाला या यंत्राने सत्संग दिला. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

मात्र त्याबरोबर एक गोष्ट हळूच घडली. एका गावच्या काकड्याची चाल शेजारच्या गावाहून थोडी वेगळी असे. कुठे ठेका संथ, कुठे चरणाची उचल निराळी. कॅसेट वाजू लागली तशी मंडळी म्हणू लागली, ही आपली चाल चुकीची, खरी ती कॅसेटमधली. जी मुद्रित झाली ती चाल खरी ठरली आणि जी मुद्रित झाली नाही ती मागे पडली.

स्टुडिओतल्या कामाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. तिथे आता गायक काचेच्या खोलीत एकटा गातो. पखवाज, टाळ, कोरस वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात. मग मिक्सिंग होते, म्हणजे कोणाचा आवाज मोठा, कोणाचा लहान, कोण जवळ, कोण दूर, हे एकजण यंत्रापुढे बसून ठरवतो. दिंडीलाही तिची मांडणी आहेच. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, पाठीशी विणेकरी, त्यामागे तुळस घेतलेल्या माउली. इथे फरक असा की दिंडी बाहेरून ऐकायची नसते. चालणाऱ्या प्रत्येकाला आपल्या जागेवरून निराळे भजन ऐकू येते आणि त्यात त्याचा स्वतःचा आवाज मिसळलेला असतो. ते मिक्सिंग कोणाच्या हाती नाही.

या साऱ्या काळात एक आवाज बाजाराच्या कानावर पडलाच नाही, तो जात्यावरच्या बायांचा. पहाटे दळताना त्यांनी विठूला भाऊ म्हटले, सखा म्हटले, रखुमाईशी संसाराच्या गोष्टी केल्या. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी थांबली. पुण्यातील गी पॉत्वँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या बायांच्या मदतीने या ओव्या उतरवून घेतल्या. हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. नुसते शब्द पुरेसे नाहीत हे ओळखून १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने आवाजही मुद्रित केले गेले. शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्या बायांच्या ओव्या या संग्रहात आहेत. तिथे स्टुडिओ नव्हता आणि विक्रीही नव्हती. गाणारीचे नाव आणि गाव मात्र ओवीपाशी नोंदलेले आहे.

यवत-वरवंडपासून घोडनदीपर्यंत आज प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे. दिंडीचे चित्रण होते, पण ते बहुधा अर्ध्या मिनिटाचे असते. म्हणजे तबकडीच्या तीन मिनिटांहूनही आपण आखूड झालो! त्यापेक्षा गावातल्या सर्वांत वृद्ध भजनकऱ्याजवळ बसावे. त्यांची परवानगी घेऊन एक अभंग पहिल्या धृपदापासून शेवटच्या आवृत्तीपर्यंत पूर्ण मुद्रित करावा. फोन टाळांच्या अगदी जवळ धरू नये, आवाज फाटतो आणि वीणा बुडते. विणेकऱ्याच्या बाजूला चार पावलांवर ठेवावा. वरून घुमारा चढवू नये. शेवटी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल बोलून घ्यावे आणि प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात.

एवढे झाले की चालीला वही मिळाली. पण वही पेटीत ठेवून गाथा कोणाला पाठ झालेली नाही. मुद्रित केलेली चाल त्याच आठवड्यात देवळात दोन मुलांच्या तोंडी घालावी. पुढच्या आषाढीला पालखी भीमेच्या काठाने जाईल, तेव्हा ती त्यांच्या गळ्यातून ऐकू आली पाहिजे.

रामकृष्णहरी.