सह्या, दाखले आणि चिनी सून

आमच्या गोव्यात मांडव घालण्याआधी सह्या होतात. 'सह्या झाल्या काय?' हा प्रश्न पेडणे-डिचोलीकडच्या लग्नघरात हमखास कानावर पडतो. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत वधूवरांनी आधी नोंद करायची, मग हरकतींसाठी मुदत जाऊ द्यायची आणि पुन्हा जाऊन सही करायची, तेव्हा कुठे सरकारदरबारी लग्न लागते. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० साली इथे लागू झाला. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली वेगळे फर्मान निघाले. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि लग्न हा नागरी करार ठरला. भटजींच्या अक्षता आपल्या जागी, पण घर, जमीन, वारसा हे सगळे सह्यांवर चालते.

हे आठवायला निमित्त झाले डिचोलीच्या एका ओळखीच्या मुलाचे. तो जहाजावर नोकरीला, आमच्या भाषेत तारवटी. त्याने ठरवलेली मुलगी चीनची. 'काका, लग्न ठरले, पण राहायचे कुठे?' असे त्याने विचारले. व्हिसाचा मी काही जाणकार नव्हे. पण शोधू लागलो, तर उत्तर एजंटाच्या कचेरीपेक्षा इतिहासात जास्त सापडू लागले.

मराठी माणसाला चिनी सून म्हटले की आधी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. तिथल्या रुग्णालयात परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलानशी १९४१ च्या अखेरीस त्यांचे लग्न झाले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. वर्षभरातच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी डॉक्टर गेले. शांताराम बापूंनी १९४६ साली चित्रपट काढला आणि जयश्रीबाई चिंगलान झाल्या. खरी गुओबाई पुढे अनेकदा भारतात आली, पण पाहुणी म्हणून. तिचा संसार चीनमध्येच राहिला. युद्धकाळातल्या त्या डोंगराळ मुलखात व्हिसा विचारायला कोणी नव्हते, हे या जोडप्याचे भाग्यच म्हणायचे.

वीस वर्षांनी हे भाग्य कोणाच्याच वाट्याला उरले नाही. १९६२ च्या युद्धात आपल्या सरकारने कायदा केला, की स्वतः, आईबापांपैकी एक किंवा आजीआजोबांपैकी एक जरी शत्रुराष्ट्राचा नागरिक असेल, तरी त्या माणसाला परकीय समजून स्थानबद्ध करता येईल. राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत सुमारे तीन हजार चिनी वंशाची माणसे डांबली गेली. आसामात माकुमला चिनी पुरुष आणि स्थानिक बायका यांचे पिढ्यानपिढ्यांचे संसार होते, ते एका फटक्यात मोडले. आजोबा कोण होते हा प्रश्न किती महागात पडू शकतो, ते तिथे दिसले.

आम्हा गोवेकरांना आजोबांचा प्रश्न उलट बाजूने लागू पडतो. १८४४ पर्यंत चीनच्या किनाऱ्यावरचे मकाव आपल्या गोव्यातून चालवले जात असे. पणजीच्या म्हामाय कामतांच्या दप्तरांत मकावला जाणाऱ्या अफूचे हिशेब आहेत. (अफूची ही बाजू आपण फारशी सांगत नाही.) पुढे १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९७४ च्या अखेरीस झालेल्या कराराने पोर्तुगालने ते मान्य केले. तरीही १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुला-नातवंडांचा नागरिकत्वाचा हक्क लिस्बनने खुला ठेवला.

आता पेडण्याची गोष्ट पाहा. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजाती. डिचोली १७८१ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि पेडणे १७८८ साली. कोल्हापूरकरांशी झुंजताना सावंतवाडीच्या खेम सावंतांना पोर्तुगीज मदत हवी होती, तिचा मोबदला म्हणून पेडणे दिले गेले. तो सौदा झाला नसता, तर किरणपाणी आणि पलीकडचा आरोंदा एकाच राज्यात राहिले असते, आणि पेडण्याच्या नातवाला लिस्बनचे दार कधीच दिसले नसते. सोयरिकी तर नदी ओलांडून चालूच राहिल्या. पेडण्याची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, वाडीला किंवा वेंगुर्ल्याला गेली, की मुलाची जन्मनोंद तिकडची. एकाच घरातल्या थोरल्या भावाची नोंद मुंबई इलाख्यात आणि धाकट्याची पोर्तुगीज दप्तरात, असे त्यामुळे होते. तेव्हा कोणाला त्याचे काय वाटणार!

आज त्याचेच मोल आहे. पोर्तुगीज नागरिक युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात राहू लागला, तर २००४ च्या संघनियमाने त्याच्या बायकोला, ती कुठल्याही देशाची असो, पाच वर्षांचे निवासपत्र आणि कामाचा हक्क मिळतो. स्विंडनला गेलेल्या गोवेकरांनी याचा पुष्कळ लाभ घेतला, पण ब्रिटनमध्ये नव्याने जाणाऱ्यांसाठी तो रस्ता २०२० च्या अखेरीस बंद झाला. आणि हे फुकट नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की १९५५ च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व जाते. मग आपल्याच गावात ओसीआय कार्डावर राहायचे. हा सौदा करावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मला स्वतःला तो पचत नाही, पण पोट भरायला गेलेल्याला मी नावे ठेवणार नाही.

भारतीय राहून संसार करायचा, तर दोन वाटा. ती इकडे येणार असेल तर भारतीयाची पत्नी म्हणून एंट्री व्हिसा, आणि सात वर्षे राहिल्यावर नागरिकत्वाचा अर्ज. मात्र चीनला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही आणि आपल्यालाही नाही. तो तिकडे जाणार असेल तर कुटुंबीयांसाठीचा 'क्यू-१' व्हिसा. पोहोचल्यावर ३० दिवसांत त्याचा निवास परवाना करून घ्यायचा. त्यावर राहता येते, नोकरी करता येत नाही, हे पुष्कळांना तिथे गेल्यावर कळते. शिवाय दोन सरकारांच्या मर्जीचा भरवसा काय? मार्च २०२० मध्ये दोन्हीकडची दारे मिटली. चीनने आपले दार जानेवारी २०२३ मध्ये उघडले, तर चिनी लोकांना भारताचा पर्यटक व्हिसा मिळायला जुलै २०२५ उजाडला.

मुलांचे काय, हे मात्र लग्नाआधीच बोलून घ्यावे. चीनमध्ये जन्मलेले मूल, आईबापांपैकी एक चिनी असेल तर १९८० च्या कायद्याने चिनी ठरते. त्याला भारतीय करायचे तर वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंद करावी लागते, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट त्याच्याकडे नाही असे आईबापांनी लिहून द्यावे लागते. त्या कागदावर दोघांच्याही सह्या लागतात.