१५४ सामने, १३४ पराभव: १८९९ चा बेसबॉल हंगाम पुन्हा खेळवून काय कळतं?

सिम्युलेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेणू, हवामान, नाहीतर साथीचे रोग येतात. पण इतिहासातला प्रश्न घेऊनही सिम्युलेशन करता येतं. ते कुठवर साथ देतं आणि कुठे हात टेकतं, हे लहान उदाहरणावर जास्त स्वच्छ दिसतं. म्हणून आजचं उदाहरण बेसबॉलचं. खेळ माहीत नसला तरी अडणार नाही. इथेही धावा मोजतात, जास्त धावांचा संघ जिंकतो आणि बरोबरीत सुटलेला सामना गुणतालिकेत धरत नाहीत. एवढं पुरे.

१८९९ साली अमेरिकेच्या नॅशनल लीगमध्ये १२ व्यावसायिक संघ होते. त्यातला क्लीव्हलँड स्पायडर्स हा संघ १५४ पैकी २० सामने जिंकला आणि १३४ हरला. पहिल्या क्रमांकावरच्या ब्रुकलिनची कामगिरी होती १०१ विजय, ४७ पराभव. एका टप्प्यावर स्पायडर्स सलग २४ सामने हरले. शेवटच्या ४१ सामन्यांत त्यांना फक्त एक विजय मिळाला. अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक बेसबॉलमध्ये याहून वाईट हंगाम कुठल्याही संघाच्या नावावर नाही, त्यामुळे आजही हा संघ विनोदाचा विषय असतो.

आपला प्रश्न मात्र साधा आहे: हा संघ खरोखर इतका वाईट होता, की नशीबही फुटकं होतं?

मॉडेल

एक हंगाम एकदाच घडतो. प्रयोगशाळेत आपण वाचन पुन्हा घेतो, इथे ती सोय नाही. म्हणून हंगाम संगणकावर पुन्हा खेळवायचा. त्यासाठी आधी एक आकडा लागतो: कुठलाही एक सामना स्पायडर्स जिंकण्याची संभाव्यता किती?

२० ला १५४ ने भागून ०.१३ घ्यायचा मोह होईल. तो टाळा. ज्या निकालाची परीक्षा घ्यायची, तोच आत घातला तर उत्तरात तोच बाहेर येणार. दुसरीकडून यायला हवं. बिल जेम्स या बेसबॉल अभ्यासकाने एक सूत्र लोकप्रिय केलं आहे: संघाने केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. दिसायला पायथागोरससारखं, म्हणून नावही तेच पडलं. स्पायडर्सनी हंगामात ५२९ धावा केल्या आणि १२५२ दिल्या. सूत्रात घातल्यावर येतात ०.१५, म्हणजे १५४ सामन्यांत साधारण २३ विजय.

आता कोड. शून्य ते एकमधली यादृच्छिक संख्या घ्या. ०.१५ पेक्षा लहान आली तर विजय, नाहीतर पराभव. असं १५४ वेळा केलं की एक हंगाम झाला. तो दहा हजार वेळा खेळवा. पायथॉनमध्ये दहा ओळींचं काम आहे. खरं तर द्विपद वितरण येत असेल तर कागदावरही होतं: सरासरी २३, प्रमाण विचलन साधारण साडेचार.

निष्कर्ष असा की २० किंवा त्याहून कमी विजय दर चार हंगामांमागे साधारण एकदा येतात. म्हणजे नशीब थोडं वाईट होतं, फार नाही. ३६ विजयांपर्यंत पोचणारे हंगाम हजारात पाचेक. निम्मे सामने जिंकणं या आकड्यांत बसतच नाही. संघ वाईटच होता. प्रश्न सुटला?

सूत्राला हलवून बघा

थांबा. सूत्रात वर्ग का? घात २ हा निसर्गनियम नाही, निकालांना बऱ्यापैकी जुळणारा सोयीचा आकडा आहे. १.८३ हा घातही पुष्कळ वापरला जातो. तो घेतला तर संभाव्यता ०.१७ होते आणि अपेक्षित विजय २६ वर जातात. मग २० किंवा कमी विजय चारात एकदा नाही, तर साधारण दहात एकदा येतात. घातात किंचित बदल केला आणि ‘नशीब ठीकच होतं’ याचं ‘नशीब बऱ्यापैकी वाईट होतं’ झालं!

त्यात हे नंतरच्या काळात घडलेलं सूत्र १८९९ ला लावतोय. तेव्हाचा खेळ आजच्यासारखा नव्हता. उदाहरणार्थ, फाउल गेलेला चेंडू स्ट्राइक धरायचा नियम नॅशनल लीगमध्ये १९०१ ला आला. जुन्या हंगामावर आजचं मॉडेल चालवताना असे नियम आधी तपासावे लागतात. आपल्या प्रबंधातही कुठलं समीकरण कुठल्या परिस्थितीसाठी बनलं हे विचारणारा एक परीक्षक व्हायवाला असतोच.

मोठा निष्कर्ष मात्र घात बदलूनही टिकतो: २३ घ्या की २६, हा संघ तळालाच राहतो. कुठला निष्कर्ष हलतो आणि कुठला टिकतो, दोन्ही लिहायचं असतं.

बेरीज जुळली, क्रम जुळला नाही

आपल्या मॉडेलमध्ये प्रत्येक सामन्याला एकच संभाव्यता आहे. पहिला सामना काय आणि शेवटचा काय, सारखेच. मग शेवटच्या ४१ सामन्यांत एक किंवा शून्य विजय मिळण्याची शक्यता किती? ०.१५ धरून साधारण शंभरात एक. यात एक चलाखी लपली आहे बरं का: ४१ हा आकडा आपण निकाल बघून निवडला, कारण तिथून कापलं की चित्र सर्वांत भीषण दिसतं. अशा निवडलेल्या तुकड्याच्या शक्यतेवर फार जोर देऊ नये. तरी शंका घ्यायला जागा आहे.

ती शंका दुसऱ्या बाजूने तपासता येते. हंगामाच्या सुरुवातीला लेव्ह क्रॉस हा खेळाडू संघाचा मॅनेजर होता. त्याच्या हाताखाली संघ ८ जिंकला, ३० हरला. मग त्याला सेंट लुइसच्या संघात हलवलं गेलं आणि जो क्विन आला: १२ विजय, १०४ पराभव. विजयाचं प्रमाण ०.२१ वरून ०.१० वर. म्हणजे ‘स्पायडर्स’ नावाचा एकच संघ १५४ सामने खेळला, हे गृहीतकच डळमळीत आहे. हंगामभर संघ झिजत होता. एकूण बेरीज मॉडेलशी जुळली म्हणून आतली यंत्रणा जुळली असं होत नाही.

हे ०.१५ आलं कुठून?

आता कोड बाजूला ठेवू. आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, याच क्लीव्हलँडने ८१ सामने जिंकले होते आणि ६८ हरले होते. बारा संघांत पाचवा क्रमांक. एका हिवाळ्यात असं काय झालं?

क्लीव्हलँडचे मालक फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे भाऊ. १८९९ च्या हंगामाआधी त्यांनी सेंट लुइसचा संघही विकत घेतला. पहिला संघ मात्र विकला नाही. सेंट लुइस मोठं शहर, तिथे प्रेक्षक जास्त मिळतील हा हिशोब. मग क्लीव्हलँडचे चांगले खेळाडू तिकडे हलवले: पुढे कारकिर्दीत ५११ विजय नोंदवणारा पिचर साय यंग, फलंदाज जेसी बर्केट, बॉबी वॉलेस. आदल्या वर्षी ३९ सामने जिंकून तळाला असलेला सेंट लुइसचा संघ या वर्षी ८४ जिंकून पाचवा आला. क्लीव्हलँडकडे उरलेसुरले राहिले.

प्रेक्षकांना हे कळत होतं. हंगामभरात घरच्या मैदानावर सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास लोक आले. पाहुण्या संघाला तिकिटविक्रीतला वाटा मिळायचा आणि त्यात प्रवासखर्चही निघेना, म्हणून बाकीचे संघ क्लीव्हलँडला यायला तयार होईनात. परिणामी स्पायडर्स ४२ सामने घरी आणि ११२ बाहेर खेळले. वर्तमानपत्रांनी त्यांना भटके म्हणायला सुरुवात केली.

वेळापत्रकाचा परिणामही मोजून बघू. घरी ९ विजय, ३३ पराभव. बाहेर ११ आणि १०१. याच प्रमाणाने ७७ घरी आणि ७७ बाहेर खेळवले तर २४ विजय होतात. म्हणजे भटकंतीने चार विजय खाल्ले? तसं ठामपणे म्हणता येत नाही. घरचे बहुतेक सामने हंगामाच्या पहिल्या भागात झाले आणि तेव्हा संघही जरा बरा होता. घर आणि काळ एकमेकांत गुंतले आहेत. हे दोन परिणाम वेगळे करायला १५४ सामन्यांचा हा विदा पुरणार नाही.

बरं, ‘चांगले खेळाडू गेले म्हणून संघ बुडाला’ इतकं तरी सरळ आहे का? त्याच वर्षी ब्रुकलिन आणि बाल्टिमोर हे संघही एकाच मालकगटाकडे होते. बाल्टिमोरचे विली कीलर, जो केली, ह्यू जेनिंग्ज हे मोठे खेळाडू आणि मॅनेजर नेड हॅनलन ब्रुकलिनला गेले आणि ब्रुकलिन विजेता ठरला. पण मागे राहिलेलं बाल्टिमोर जॉन मॅग्रॉच्या हाताखाली ८६ सामने जिंकून चौथं आलं! तोच व्यवहार, निकाल वेगळा. किती खेळाडू गेले, कोण उरले, नेतृत्व कोणाकडे, मालकांना तो संघ चालवायचा तरी होता का, हे सगळं बघावं लागतं. एकच उदाहरण घेऊन कारण सांगणाऱ्याने शेजारचं उदाहरण तपासलेलं असावं.

१९०० मध्ये लीगने १२ चे ८ संघ केले. बंद झालेल्या चार संघांत क्लीव्हलँड होतं, आणि बाल्टिमोरही.

तुमच्या आराखड्यासाठी

सिम्युलेशनने आपल्याला एक पक्की गोष्ट दिली: २०-१३४ हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हता. हे लहान काम नाही, कारण त्यामुळे कारण शोधायची जागा ठरली. पण ०.१५ हा आकडा मॉडेलने दिला नाही, आपण आत घातला. तो मालकांच्या हिशोबात तयार झाला होता. मॉडेल जुळलं एवढ्यावर आपण थांबलो असतो, तर ‘संघ वाईट होता म्हणून हरला’ एवढंच लिहिलं असतं. त्या उरलेल्या खेळाडूंवर तो अन्यायच झाला असता. चौथ्या-पाचव्या पसंतीचे हे लोक तिकिटाचे पैसेही न निघणाऱ्या दौऱ्यावर महिनोन्‌महिने फिरत होते आणि त्या परिस्थितीतही वीस सामने जिंकले.

संशोधन आराखडा लिहिताना मॉडेलच्या प्रत्येक इनपुटसमोर एक रकाना ठेवा: हा आकडा कुठून आला, आणि तो तसा का आहे? पहिला अर्धा बहुतेक जण भरतात. दुसरा अर्धा रिकामा राहिला, तर पुष्कळदा तुमचा खरा संशोधन प्रश्न तिथेच असतो.