बेळगावात 'मिले सुर' बघताना

मीडियाच्या पोरांना अँड्र्यू गुडविनची मांडणी शिकवतात: म्युझिक व्हिडिओत चित्र गाण्याचे शब्द नुसते दाखवतं, त्यांचा अर्थ वाढवतं, नाहीतर भलतीकडेच जातं. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर आलेलं 'मिले सुर मेरा तुम्हारा' घ्या. शब्दांत नद्या, पडद्यावर धबधबा. हे नुसतं दाखवणं झालं. पण भाषा बदलली की माणूस बदलतो, मुलूख बदलतो, चाल मात्र तीच. वाढवणं ते हे! आम्हा बेळगावकरांना त्यात आणखी काही दिसायचं. कन्नडसक्तीविरुद्धच्या १९८६ च्या आंदोलनाला दोनच वर्षं झालेली. गाण्यात कन्नड ओळ होती, मराठीही. आणि सुरुवातीला धबधब्यापाशी भीमसेन: गदगकडचे, मातृभाषा कन्नड, घर पुण्यात, अभंग मराठीत. इथं मात्र गातात हिंदी. ते लागलं की आमच्या गल्लीत दोन्हीकडचे म्हणायचे, "आमचे अण्णा!"