कीबोर्ड मुका होतो तेव्हा



आजची गोष्ट संगणकाची आहे, पण तिची सुरुवात एका आळापासून करावी लागेल. तो आळ आम्हीच घेतला होता.

आमच्या प्रभागसंघाच्या कार्यालयात एक संगणक आहे. गटांच्या कर्जाच्या नोंदी, हप्त्यांचे तक्ते, बैठकांची इतिवृत्तं, सगळं त्याच्यावर असतं. आदल्या संध्याकाळी तो बंद करताना त्यानं अपडेट घेतलं. सकाळी लेखापाल ताईंनी सुरू केला, पडद्यावर पासवर्डची चौकट आली आणि कीबोर्डवरचं एकही अक्षर उमटेना. माऊसचा बाणही जागचा हलेना. त्याच दिवशी बँकेत कर्जाची प्रकरणं द्यायची होती. आम्ही सगळ्या भोवती जमलो आणि सगळ्यांच्या तोंडून एकच प्रश्न निघाला, “ताई, काल काय दाबलंत?”

ताई काहीच बोलल्या नाहीत. प्रकरणं लांबली. त्यानंतर ताई संगणकासमोर बसेनात. “माझा हात नको लागायला,” म्हणायच्या. मग आम्ही वह्या घेऊन तालुक्याच्या दुकानात जायला लागलो. पैसे मोजायचे आणि आपल्या बायकांचं कर्ज परक्या माणसासमोर मोठ्यानं वाचून दाखवायचं. पुढे दुरुस्ती करणाऱ्यानं पाहिलं तेव्हा कळलं, कीबोर्ड चांगला होता, माऊस चांगला होता आणि ताईंनी काहीही चुकीचं दाबलं नव्हतं. अपडेटमध्येच घोळ झाला होता.

कीबोर्ड धडधाकट असून मुका कसा होतो? हे समजायला आम्हाला दीडशे वर्षं मागं जावं लागलं.

अमेरिकेत मिलवॉकी नावाचं शहर आहे. तिथल्या ख्रिस्तोफर शोल्स यांनी दोन सोबत्यांसह १८६८ साली टाइपरायटरचं पेटंट घेतलं. पुढे रेमिंग्टन कंपनीनं तो बनवला आणि १८७४ मध्ये तो बाजारात आला. ही कंपनी शिलाई मशीनही बनवायची. त्यामुळे पहिला टाइपरायटर शिलाई मशीनसारख्याच टेबलावर बसवलेला होता, अंगावर फुलांची नक्षी होती, आणि कागदाची ओळ बदलायला पायानं पायडल मारायचं! आज कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं क्यू, डब्ल्यू, ई अशी ज्या क्रमानं लागतात, तो क्रमही त्या काळापासूनचाच. याच यंत्रामुळे बायकांना कार्यालयांची दारं उघडली. १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या वायडब्ल्यूसीए या संस्थेनं मुलींसाठी टायपिंगचा वर्ग सुरू केला. आपल्याकडे गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. तहसील कचेरीबाहेर टकटक करणारे टायपिस्ट आपल्यापैकी अनेकींनी पाहिलेत.

त्या यंत्राची एक गोष्ट लक्षात ठेवा. बटण दाबलं की त्याला जोडलेली लोखंडी काडी उठायची आणि कागदावर आपटायची. बोट आणि अक्षर यांच्यामध्ये फक्त लोखंड होतं. अक्षर उमटलं नाही, तर वाकून पाहिलं की अडकलेली काडी दिसायची. बिघाड डोळ्यांना दिसत होता.

माऊस त्यानंतर खूप उशिरा आला. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट काम करत होते. त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्यानं १९६४ मध्ये पहिला माऊस तयार केला. लाकडाची छोटी डबी, खाली दोन चाकं, वर एक बटण आणि शेपटीसारखी वायर. शेपटीमुळेच त्याचं नाव उंदीर पडलं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी लोकांसमोर तो चालवून दाखवला.

संगणक आल्यावर बोट आणि अक्षर यांच्यात वायर आली. १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस-टू या संगणकांबरोबर गोल पिनेच्या जागा आल्या. पुढे त्यांना रंग मिळाले, जांभळी कीबोर्डची आणि हिरवी माऊसची. जुन्या संगणकांच्या पाठीमागे त्या अजून दिसतात. या गोल पिनेचा कीबोर्ड दारात येऊन हाक मारणाऱ्या माणसासारखा. बटण दाबलं की तो स्वतः संगणकाला हटकतो, “हे घे अक्षर.”

१९९६ मध्ये यूएसबी आली. आज चार्जरपासून पेन ड्राइव्हपर्यंत सगळीकडे दिसते ती चपटी पिन. इंटेल कंपनीत हे काम करणाऱ्यांमध्ये अजय भट्ट हे आघाडीचे अभियंते होते, आणि ते शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. यूएसबीमुळे सोय झाली. कोणतीही वस्तू कोणत्याही भोकात, चालू संगणकात लावा. पण एक पद्धत बदलली. यूएसबीचा कीबोर्ड आपणहून बोलत नाही. संगणकच त्याला सेकंदाला शंभरेक वेळा विचारतो, “काही आहे का?” विचारलं की तो सांगतो. हे विचारण्याचं आणि उत्तर समजून घेण्याचं काम संगणकातला एक छोटा प्रोग्राम करतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

मैत्रिणींनो, खरी मेख इथं आहे. ड्रायव्हर बिघडला तर कीबोर्डला कोणी विचारतच नाही. बैठकीत एखादीला बोलायची संधीच दिली नाही आणि मग म्हटलं, “ही तर मुकीच आहे,” तसं होतं.

आता हे अपडेट कशासाठी? काहींना वाटतं ते बंदच करून टाकावं. तसं करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या हल्ल्यानं जगभरातले संगणक कुलूपबंद केले आणि मालकांकडे खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मार्च महिन्यातच आलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. अपडेट म्हणजे घराच्या कौलांची डागडुजी आहे. ती करावीच लागते. पण डागडुजी करणाऱ्याचा पायही कधी कधी चांगल्या कौलावर पडतो.

हे मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही घडलंय. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० साठी एक अपडेट दिलं. त्यानंतर काही संगणकांचे यूएसबी कीबोर्ड आणि माऊस बंद पडले. कारण कंपनीनंच सांगितलं. जुना ड्रायव्हर काढला गेला, पण नवा बसवायचा राहून गेला. जुनी चूल मोडली आणि नवी मांडलीच नाही. दुरुस्ती ५ मार्चला आली.

१४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटमध्ये आणखी वेगळं घडलं. रोजच्या कामात कीबोर्ड-माऊस नीट चालत होते. पण संगणक बिघडला की दुरुस्तीसाठी जो खास पडदा उघडतो, तिथं यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस चालेनात. म्हणजे दवाखाना उघडा, पण आत जायचं दार बंद. गंमत अशी की ज्यांच्याकडे जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड होता, त्यांचं काम अडलं नाही. दुरुस्ती २० ऑक्टोबरला आली. त्या सहा दिवसांत जगात किती जणांना कोणीतरी विचारलं असेल, “काय दाबलंस?”

या इतिहासातून तपासायचा क्रम आपोआप मिळतो. बाहेरून आत जायचं. आधी वायर, मग वस्तू, मग ड्रायव्हर.

पडद्यावर अपडेट चालू असल्याचं दिसत असेल, तर काहीही बंद करू नका, थांबा. अपडेट संपलं असेल, तर कॅप्स लॉकचं बटण दाबून कीबोर्डवरचा दिवा लागतो का पाहा. बऱ्याच माऊसच्या पोटाखाली उजेड असतो, तोही पाहा. बिनवायरचे असतील तर सेल बदला.

मग पिन काढा आणि दुसऱ्या यूएसबी जागेत लावा. टेबलावरचा संगणक असेल तर पाठीमागच्या जागेत थेट लावून पाहा. तेवढ्यानं झालं नाही, तर संगणक पूर्ण बंद करा, वीज काढा, जरा वेळानं पुन्हा सुरू करा.

त्यानंतर शेजारच्या कार्यालयातला कीबोर्ड आणून लावा आणि आपला तिकडच्या संगणकाला लावून पाहा. आपला तिकडे चालला, तर तो निर्दोष. आणखी एक परीक्षा आहे. संगणक सुरू होताच, विंडोजचं चिन्ह यायच्या आधी, डिलीट किंवा एफ-टू दाबत राहिलं की सेटिंगचा एक साधा पडदा उघडतो. कोणतं बटण ते संगणकाप्रमाणे बदलतं. तिथं बाणाची बटणं चालली, तर वायर आणि कीबोर्ड दोन्ही ठीक आहेत, दोष विंडोजच्या आत आहे. तिथं काही बदलू नका, तसंच बाहेर या.

फक्त माऊस चालत असेल, तर पासवर्डच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हांमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड मिळतो. त्याच्यावर माऊसनं एकेक अक्षर दाबता येतं. फक्त कीबोर्ड चालत असेल, तर टॅब, बाण आणि एंटरनं काम निभावतं. एकदा आत गेलात की डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डची नोंद काढून संगणक पुन्हा सुरू करा, तो ड्रायव्हर नव्यानं बसवतो. हे करताना दुसरं यंत्र चालू स्थितीत हाताशी असू द्या. तरीही नाही जमलं, तर विंडोज अपडेटच्या इतिहासात जाऊन शेवटचं अपडेट काढता येतं. दुरुस्ती आली की ते पुन्हा घ्यायचं.

आणि काहीच जमलं नाही, तर जाणकाराला बोलवा. पण त्याला सांगा, “काल अपडेट झालं, आज यूएसबी चालत नाही, ड्रायव्हर पाहा.” त्यानं फॉरमॅट करू म्हटलं, तर आधी नोंदींची प्रत काढायला लावा, मगच हो म्हणा.

आमच्या प्रभागसंघानं त्यानंतर दोन गोष्टी केल्या. संगणकाशेजारी एक वही ठेवली. अपडेट कधी झालं, नवीन काय लावलं, काय बंद पडलं, हे तारखेसह लिहायचं. दर शनिवारी नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची. दुसरी गोष्ट बैठकीत झाली. लेखापाल ताईंवर आपण विनाकारण ठपका ठेवला, हे आम्ही सगळ्यांसमोर कबूल केलं आणि तसं इतिवृत्तात लिहिलं.

ते इतिवृत्त ताईंनीच टाइप केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा माऊस अडला. या वेळी आम्ही विचारलं, “ताई, वहीत काल काय लिहिलंय?” त्यांनी वही उघडली, पिन काढून दुसऱ्या जागेत लावली आणि बाण हलला.

तुमच्या गटाच्या संगणकाशेजारी अशी वही नसेल, तर या आठवड्यात नक्की ठेवा. नमस्कार.