पॅकेटच्या पोटात पॅकेट

नेटवर्किंगचा अभ्यास बहुधा प्रोटोकॉलच्या उतरंडीपासून सुरू होतो. वर अॅप्लिकेशन, तळाशी तार, मध्ये ठरलेले थर. प्रत्यक्षातले नेटवर्क मात्र ही रचना सर्रास मोडते आणि एका प्रोटोकॉलचे पॅकेट त्याच थरातल्या दुसऱ्याच्या पोटात घालून पुढे धाडते. यालाच टनेलिंग म्हणतात.

आयपीव्ही६ची पहिली मानके डिसेंबर १९९५मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा बहुतेक राउटर फक्त आयपीव्ही४ जाणत होते. मग १९९६मध्ये ‘सिक्सबोन’ हे प्रायोगिक जाळे उभे राहिले. नव्या प्रोटोकॉलची विखुरलेली बेटे त्याने जुन्या नेटवर्कमधून टनेल काढून जोडली. अख्ख्या आयपीव्ही६ पॅकेटपुढे आयपीव्ही४चे हेडर लावायचे, त्यातल्या प्रोटोकॉलच्या रकान्यात ४१ लिहायचे, पलीकडच्या टोकाला ते हेडर काढून टाकायचे. कृती एवढीच.

खरा अभ्यास इथून पुढे आहे. इथरनेटच्या फ्रेममध्ये १५०० बाइट मावतात. बाहेरचे हेडर त्यातले २० घेते, आतल्या पॅकेटला १४८० उरतात. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. पॅकेट मोठे असेल तर तो ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीव्ही६चा निरोप धाडतो. वाटेतल्या फायरवॉलने सुरक्षेच्या नावाखाली हा निरोपच अडवला, तर पिंग चालते, जोडणी होते, कारण ती पॅकेटे लहान असतात; पण पान काही उघडत नाही. कित्येक अभियंत्यांचे दिवस या एका दोषापायी गेले आहेत. तो समजला की टनेलिंग निम्मे समजले, असे मी मानतो.

टीसीपीच्या आत टीसीपी नेण्याचा त्रास वेगळा. हरवलेला भाग बाहेरचा पुन्हा पाठवत असतो, त्या विलंबाने आतलाही तेच करू लागतो आणि रांग तुंबते. म्हणून वायरगार्डसारखे व्हीपीएन यूडीपीवरूनच चालतात.

आता चित्र उलटते आहे. २०११च्या डीएस-लाइट मानकात आयपीव्ही४चे पॅकेट आयपीव्ही६मधून प्रवास करते, आणि बाहेरचे हेडर ४० बाइटांचे असते.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला एकच विनंती: नुसते वाचू नका. वायरशार्क उघडा, टनेलमधले एक पॅकेट पकडा आणि त्याची दोन्ही हेडरे स्वतः मोजा.