फाइलगणना अहवाल

कार्यालयीन नेटवर्कवर अनेकांनी मिळून वापरायच्या, म्हणजे शेअर्ड, फोल्डरांत किती फाइली आहेत, कोणत्या प्रकारच्या आहेत व केव्हा बदलल्या, हे बिझनेस इंटेलिजन्स (बीआय) सॉफ्टवेअरमधून दाखवणारा अहवाल. स्कॅन केलेली बिले, शाखांचे रोजचे हिशोब, केवायसीचे कागद जिथे फोल्डरांत साठतात, तिथे ‘आज कोणाचे आले, कोणाचे राहिले’ हे कळण्यासाठी तो लागतो. कागदी कचेरीत हे काम आवक-जावक बारनिशी करी.

आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये ‘बिझनेस इंटेलिजन्स सिस्टम’ या नावाने लेख लिहिला, तो विक्रीच्या आकड्यांवर नव्हता; संस्थेत येणारे दस्तऐवज योग्य माणसापर्यंत आपोआप कसे पोचवावेत, यावर होता. आकड्यांचे आलेख हा अर्थ या संज्ञेला पुढे चिकटला. त्या दृष्टीने फाइली मोजणे हा बीआयचा गैरवापर म्हणता येणार नाही.

पॉवर बीआय (२०१५) या सॉफ्टवेअरमध्ये हे काम पॉवर क्वेरी हा भाग करतो. त्याचे ‘फोल्डर.फाइल्स’ हे फंक्शन दिलेल्या फोल्डरातील व त्याच्या पोटफोल्डरांतील प्रत्येक फाइलीसाठी एक ओळ देते : नाव, एक्स्टेन्शन, निर्मितीची, बदलाची व उघडल्याची तारीख, फोल्डरचा पथ; फाइलीचा आकार ‘अ‍ॅट्रिब्यूट्स’ या स्तंभाच्या पोटात असतो. पथानुसार गट पाडून ओळी मोजल्या की गणना झाली. फाइलीतला मजकूर धरणारा ‘कंटेंट’ स्तंभ इथे निरुपयोगी असतो, तो आधीच काढून टाकावा. क्लिक या दुसऱ्या बीआय सॉफ्टवेअरमध्ये हीच यादी स्क्रिप्टमधील ‘फाइललिस्ट’च्या फेऱ्यांतून मिळते. टॅब्लो या आणखी एका बीआय सॉफ्टवेअरचा पिंड मात्र तक्त्यांच्या फाइली वाचण्याचा आहे. तिथे विंडोजच्या पॉवरशेल या साधनाने यादी काढून ती सीएसव्हीत देणे सोयीचे पडते.

खरी अडचण शून्याची आहे. ‘फोल्डर.फाइल्स’ फाइलींची यादी देते, फोल्डरांची नाही. ज्या शाखेने एकही फाइल टाकली नाही तिची ओळच तयार होत नाही, आणि जिला जाब विचारायचा तीच शाखा अहवालातून गायब होते. उपाय जुनाच आहे : सर्व शाखांची नावे असलेला हजेरीपट वेगळा ठेवावा आणि त्याला फाइलींची यादी जोडावी, उलट नव्हे. एवढे करूनही पॉवर बीआयमधील ‘काउंटरोज’ हे फंक्शन एकही ओळ नसेल तर ० न देता रिकामी जागा देते, आणि रिकाम्या नोंदी तक्त्यात सहसा दिसतच नाहीत. म्हणून सूत्राच्या शेवटी ‘+ ०’ लिहितात. सूत्र पाहणाऱ्याला ते वेडेपणाचे वाटते, पण अहवालाची निम्मी किंमत त्यातच आहे.

फाजील मोजणीही होते. विंडोजच्या ‘थम्ब्स.डीबी’ व ‘डेस्कटॉप.आयएनआय’ या लपलेल्या फाइली, तसेच वर्ड किंवा एक्सेलची फाइल कोणी उघडली असताना तयार होणारी, लाटचिन्ह व डॉलरचिन्हाने सुरू होणारी तात्पुरती फाइल यादीत शिरते. पॉवर क्वेरीला इंग्रजी अक्षरांच्या लहानमोठेपणाचा फरक कळतो, त्यामुळे स्कॅनरने मोठ्या अक्षरांत लिहिलेली ‘पीडीएफ’ आणि हाताने लिहिलेली लहान अक्षरांतली ‘पीडीएफ’ हे दोन वेगळे प्रकार ठरतात; गट पाडण्यापूर्वी ती अक्षरे एकसारखी करून घ्यावी लागतात. उघडल्याच्या तारखेवर विसंबू नये : विंडोज व्हिस्टापासून ती प्रत्येक वेळी नोंदवण्याची सोय मुळातच बंद ठेवलेली होती. कॉपी केलेल्या फाइलीची निर्मितीची तारीख बदलाच्या तारखेनंतरची दिसते, तीही चूक समजू नये.

बारनिशीत कालची नोंद राहते. फोल्डरला फक्त आत्ताचे ठाऊक असते. काल आलेली आणि आज हलवलेली फाइल पुढच्या रिफ्रेशनंतर अहवालात उरत नाही. म्हणून कल दाखवायचा असेल तर ठरलेल्या वेळी यादी काढून, तारखेचा स्तंभ जोडून ती साठवत जावे लागते.

अहवाल क्लाउडवर प्रकाशित केल्यावर कार्यालयातील सर्व्हरपर्यंत पोचण्यासाठी गेटवे हे जोडणारे सॉफ्टवेअर बसवावे लागते. एखाद्याच्या संगणकावरचे ‘झेड ड्राइव्ह’ हे अक्षर त्याच्यापुरतेच असते. गेटवेला सर्व्हरच्या नावासकट पूर्ण पथ द्यावा लागतो. पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात वेळापत्रकानुसार दिवसातून ८ वेळा रिफ्रेश करता येतो. गेटवेवर ज्या खात्याचा पासवर्ड दिला असेल त्याला दिसतात तेवढेच फोल्डर मोजता येतात.