हॅलोजनयुक्त मिथेने : रेणवीय गुणधर्मांचे मापन व गणन

मिथेनाच्या रेणूतील एक किंवा अधिक हायड्रोजन अणूंच्या जागी फ्ल्युओरीन, क्लोरीन, ब्रोमीन वा आयोडीन यांचे अणू आल्यास हॅलोजनयुक्त मिथेने मिळतात. मिथिल क्लोराइड, क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड आणि एके काळी प्रशीतक म्हणून वापरात असलेले सीएफसी-१२ (सीएफसी म्हणजे क्लोरोफ्ल्युओरोकार्बन) ही परिचित उदाहरणे होत. हे रेणू पाचच अणूंचे असल्याने प्रयोगाने आणि गणिताने मिळालेली उत्तरे त्यांच्यावर पडताळून पाहता येतात. कोणती वर्णपटीय पद्धत लागू पडेल, हे मुख्यतः रेणूच्या सममितीवर ठरते.

सूक्ष्मतरंग वर्णपट : वायुरूप रेणूला स्थायी द्विध्रुव परिबल असेल, तरच त्याच्या घूर्णनाच्या रेषा दिसतात. हे परिबल मिथिल क्लोराइडाच्या बाबतीत सुमारे १.९ डिबाय, क्लोरोफॉर्मच्या बाबतीत सुमारे १, तर चतुष्फलकी कार्बन टेट्राक्लोराइडाच्या बाबतीत शून्य असते. मिथिल क्लोराइडाची पहिली रेषा क्लोरीन-३५ असताना सुमारे २६.६ गिगाहर्ट्‌झला आणि क्लोरीन-३७ असताना २६.२ गिगाहर्ट्‌झला येते. समस्थानिक बदलून मोजलेल्या अशा रेषांवरून जडत्व परिबले व त्यांवरून बंधलांबी काढतात. कार्बन-क्लोरीन बंध सुमारे १.७८ अँगस्ट्रॉम लांब भरतो. विद्युत क्षेत्रात रेषा किती सरकते (स्टार्क परिणाम), यावरून द्विध्रुव परिबल मिळते.

अवरक्त व रामन वर्णपट : पाच अणूंच्या रेणूला नऊ कंपने असतात. कार्बन टेट्राक्लोराइडात सममितीमुळे त्यांच्या चारच मूलभूत कंप्रता उरतात. चारही रामन वर्णपटात दिसतात, अवरक्तात मात्र दोनच. चारही क्लोरीन अणू एकाच वेळी आतबाहेर होतात, त्या कंपनाची रामन रेषा प्रति सेंमी. ४५९ येथे असते. बारकाईने पाहिल्यास ती क्लोरीनच्या समस्थानिकांमुळे सुमारे ३ प्रति सेंमी. अंतराने फुटलेली दिसते. चारही अणू क्लोरीन-३५ चे असलेले रेणू सुमारे ३३ टक्के, एक अणू क्लोरीन-३७ चा असलेले ४२ टक्के आणि दोन असलेले २० टक्के असतात. घटकरेषांची तीव्रता याच प्रमाणात असते.

गणन : हार्ट्री-फॉक पद्धतीने काढलेल्या कंप्रता साधारणपणे १० टक्क्यांनी जास्त येतात, कारण तीत इलेक्ट्रॉनांचा परस्परसंबंध धरलेला नसतो आणि कंपने हरात्मक मानलेली असतात. कार्बन टेट्राक्लोराइडाच्या ७६२ व ७९० या रामन रेषांच्या जागी हरात्मक गणित एकच कंप्रता देते. ही जोडी फेर्मी अनुस्पंदनातून निर्माण होते आणि तिच्यासाठी अहरात्मकता धरावीच लागते. आयोडीनयुक्त रेणूंत सापेक्षतेचे परिणामही विचारात घ्यावे लागतात.

महत्त्व : कार्बन-फ्ल्युओरीन व कार्बन-क्लोरीन बंधांचे तीव्र शोषण ८ ते १२ मायक्रोमीटर या पट्ट्यात येते. पृथ्वीची उष्णता याच पट्ट्यातून अवकाशात निसटत असल्याने सीएफसी हे प्रभावी हरितगृह वायू आहेत, हे व्ही. रामनाथन यांनी १९७५ मध्ये दाखवले. २००३ मध्ये सोडलेला कॅनडाचा सायसॅट उपग्रह सूर्यप्रकाशाच्या अवरक्त वर्णपटावरून वातावरणातील सीएफसी मोजतो. अशा मोजणीची अचूकता प्रयोगशाळेत मोजलेल्या शोषण-छेदांच्या अचूकतेवर अवलंबून असते.